बुटातली पुढची खोली

सेजलच्या नव्या बुटाच्या नाकावर मामीने अंगठा दाबला. नाक खाली बसलं. अंगठा उचलला, नाक वर आलं. तिने पुन्हा एकदा दाबून पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी त्याआधी फक्त खरबूज निवडताना पाहिलं होतं.

"हे बरोबर," मामी म्हणाली. "बोटभर जागा आहे. दोन वर्षं पाहायचं काम नाही."

"भाभी, दोन काय, तीन जातील," जेसवानी काका म्हणाले. हिंगणघाटच्या बाजारात त्यांचं बुटांचं दुकान होतं. "पण पोरगी चालली तर पाहिजे ना. बेटा, जरा चालून दाखव."

सेजल चालली. फटक, फटक. टाच आधी उचलली जायची आणि बूट मागून विचार करून यायचा.

"चालते," मामी म्हणाली. "कापूस भरला की मस्त चालते." मग ती माझ्याकडे वळली. मी बाकाच्या टोकाला, मोजे काढून, एका पायावर दुसरा पाय ठेवून बसले होते. "आता हिचे. हिचे मापाचेच द्या."

काकांचा हात वरच्या खोक्याकडे निघाला होता, तो तिथेच थांबला. "मापाचे म्हणजे?"

"मापाचे म्हणजे मापाचे. पायाएवढे. आणि हे नको, ते तळवा शिवलेले दाखवा. ते वरच्या खणातले."

"भाभी, ते महाग आहेत. मापाचे घेतले तर वर्षात आखूड होऊन जातील. या वयात पोरींचा पाय असा वाढतो." त्यांनी हवेत हात लांब करत नेला. माझा पाय दुकानाबाहेर, रस्त्यापलीकडच्या रसवंतीपर्यंत वाढला.

"माहीत आहे मले," मामी म्हणाली. "द्या तुम्ही."

मामीला जे ओळखतात त्यांना हे सांगितलं तर ते म्हणतील, पोरगी थापा मारते. माझी मामी टूथपेस्टची ट्यूब संपली की कात्रीने उभी कापायची. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालायची, भंगारवाला येईपर्यंत त्या पांढऱ्या पाखरांसारख्या फडफडत राहायच्या. सेजलचे फ्रॉक खाली चार बोटं दुमडून शिवलेले असायचे आणि दरवर्षी एक घडी उसवायची. त्यामुळे प्रत्येक फ्रॉकवर जुन्या घड्यांच्या फिक्या रेघा दिसायच्या. बूट तर सगळेच वाढत्या मापाचे घेतात. माझ्या वर्गात कोणाच्याही पायात मापाचे बूट नव्हते. प्रार्थनेला जाताना सगळी शाळा फटक फटक वाजायची.

आणि अशा मामीने माझ्यासाठी वरच्या खणातले, तळवा शिवलेले, पट्ट्याचे काळे बूट घेतले. अगदी पायाएवढे. तिने माझ्याही बुटाच्या नाकावर अंगठा दाबला. नाक दबलं नाही. आत मीच होते.

तेव्हा मी सहावीत होते. आता दहावीत आहे, आणि पीटीचे सर म्हणतात की माझा आवाज माईकशिवाय मागच्या भिंतीला लागून परत येतो. पण त्या वर्षी मी इतकी हळू बोलायचे की सेजल मला म्हणायची, "गुंजन, तू बोलली की मनातल्या मनात?"

बाबा पोलिसात होते. ते गेल्यावर त्यांच्या जागी आईला घेतलं, आणि त्यासाठी आईला आधी ट्रेनिंगला जावं लागणार होतं. चंद्रपूरची आमची खोली सोडली. भांडी गोणीत भरून शेजाऱ्यांच्या माळ्यावर टाकली आणि मला मामाकडे हिंगणघाटला आणून सोडलं. "वर्षभराचाच तर प्रश्न आहे," असं आई म्हणाली. मामा म्हणाला. शेजारच्या काकू म्हणाल्या. ज्यांना कोणी विचारलं नव्हतं तेही म्हणाले. फक्त मामी असं म्हणत नव्हती. मामी तशी काहीच म्हणायची नाही. म्हणून मी ती काय करते ते बघायचे आणि त्यावरून माझं पुढचं वर्ष कुठे आहे याचा अंदाज बांधायचे. तिने माझ्यासाठी उशी शिवली, तेव्हा मी ती रात्री पायथ्याशी सरकवून ठेवली, कारण उशी पुष्कळ वर्षं टिकते. तिने मला पाहुण्यांच्या ताटात वाढलं, तेव्हा जरा बरं वाटलं, कारण पाहुणे जातात.

मला आईकडे जायचं होतं. एवढंच हवं होतं मला. त्या हिशेबाने मापाचे बूट बघून मी नाचायलाच हवं होतं. पण दुकानातून घरी येताना रिक्षात मला कसंतरीच झालं. आपल्याला कुठूनतरी जायचं असतं, तरी तिथल्या लोकांनी 'जा' म्हटलेलं कोणाला आवडतं?

घरी आल्यावर सेजलने बुटात कापूस भरला. तिच्याकडे कापसाला तोटा नव्हता. मामा जिनिंगमध्ये होता, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढतात त्या कारखान्यात, आणि पावसाळ्यातसुद्धा त्याच्या जुन्या शर्टाच्या खिशात कापूस सापडायचा. ओसरीच्या पायरीवर ऊन तिरपं पडलं होतं. मी सेजलचा एक बूट उचलून डोळ्याला लावला. आत लांबवर, नाकाकडे, अंधार होता आणि त्यात कापसाचा पांढरा ढीग.

"सेजल, आत कोणीतरी राहतं."

"झुरळ?"

"नाही. सातवीतली तू."

ती माझ्या अंगावर रेलली. "काय करते?"

"झोपली आहे. कापूस तिची गादी आहे. तिचे केस खूप लांब आहेत."

"कुठपर्यंत?"

"टाचेपर्यंत."

सेजलला हे फारच आवडलं. तिने बुटात तोंड घालून हळूच विचारलं, "गणितात पास झाली का वं?" मग तिने माझा बूट उचलला, आत बोटं घालून चाचपलं, आणि काहीही वाईट हेतू नसताना म्हणाली, "तुझ्यात तर जागाच नाही. मग तुझी सातवीतली कुठे राहते?"

मला माहीत नव्हतं. ती त्या क्षणापासून माझ्या डोळ्यांपुढे फिरायला लागली, सातवीतली मी. कधी चंद्रपूरच्या बसस्टँडवर दिसायची, कधी शेजाऱ्यांच्या माळ्यावर भांड्यांच्या गोणीला टेकून बसलेली. तिच्या हातात बूट असायचे आणि पाय अनवाणी. तिला कोणी तरी विचारायचं, कुठे जायचं आहे, आणि ती मनातल्या मनात उत्तर द्यायची.

त्याच संध्याकाळी मामाने बूट पाहिले. "अवो, गुंजनचे मापाचे काहून घेतले? सहा महिने नाही जाणार."

"जातील."

"मोठे घ्यायचे ना, सेजलसारखे. पैसे झाडाले लागते का?"

"तुम्ही जेवून घ्या," मामी म्हणाली. विषय तिथेच संपला. मामीने एखादा विषय संपवला की तो पुन्हा उठत नसे.

आईचा फोन रविवारी यायचा. ट्रेनिंगमध्ये ओरडून ओरडून तिचा आवाज बसला होता. मला वाटायचं, कोणी दुसरीच बाई आईची नक्कल करते आहे.

"पायाला फोड आलेत गं," एका रविवारी ती म्हणाली. "बूट मोठे झाले."

"कोणी दिले?"

"दिले कुठे, मीच घेतले. एक नंबर मोठे घेतले. टिकतील म्हटलं."

मी जरा विचार केला. "आई, तुझे पाय आता कुठे वाढणार आहेत?"

तिकडे आई हसायला लागली. बसलेल्या घशाने, खरखरत, थांबता थांबेना. तिच्या मागे कोणीतरी विचारलं, काय झालं, तर ती त्यांनाही सांगायला लागली आणि तिकडे बऱ्याच बायका हसल्या. बाबा गेल्यानंतर आई हसली ती तेव्हा. फोनमध्ये. माझ्यामुळे आणि बुटांमुळे. मी तो आवाज कितीतरी दिवस कानात घालून झोपत होते.

दिवाळीनंतर कापूस आला. हिंगणघाटला हिवाळा असा येतो, कापसाच्या गाड्यांवरून. शाळेच्या रस्त्यावर भरलेले टेम्पो आणि बैलगाड्या रांगेत उभे राहायचे, आणि दोन्हीकडच्या बाभळींना कापूस लागायचा. काट्याकाट्याला एक पुंजका. सकाळच्या धुक्यात त्या बाभळी कुठल्या तरी दुसऱ्याच देशातल्या वाटायच्या, जिथे झाडांनासुद्धा थंडी वाजते. संध्याकाळी मामा घरी यायचा तो भुवया पांढऱ्या करून. आम्ही दोघी त्याला 'आजोबा' म्हणायचो आणि तो मुद्दाम वाकून चालायचा. ओसरीवरच्या दिव्याच्या उजेडात कापसाचे तंतू तरंगत राहायचे, खाली यायचं नाव नाही. मी त्यांच्याकडे बघत बसले की मला वाटायचं आपण पाण्याच्या तळाशी आहोत आणि वर, खूप वर, कुठेतरी बोटी चालल्या आहेत.

आणि अशाच एका संध्याकाळी, काहीच विचार करत नसताना, माझ्या लक्षात आलं की माझा अंगठा भिंतीला लागला आहे. बुटाच्या.

मी कोणाला सांगितलं नाही. सरळ होतं ते. बूट आखूड झाले हे मामीला कळलं की नवे घ्यावे लागणार. वर्षात दोनदा बूट घ्यायला लागले तर मामीच काय, कोणीही वाढत्या मापाचेच घेणार. मोठे घेतले की पुढचं वर्ष इथे. हे बूट टिकतील तोवर आई आली पाहिजे. हे बूट आणि आई, यांची शर्यत लागली होती, आणि शर्यतीतला एक गडी माझ्या पायात होता. तर मी त्याला जरा रोखून धरणार नाही का? मी बोटं आत मुडपून चालायला लागले. पातळ मोजे शोधले. मग मोज्याशिवाय घातले. डबा खाताना बाकाखाली पट्टा सोडून ठेवायचे. अंगठ्याला सांगायचे, थोडे दिवस, मान खाली घालून बस.

फेब्रुवारीत आई फोनवर म्हणाली, "गुंजन, आमची परीक्षा पुढे गेली. महिना तरी लागेल अजून."

"बरं."

"रागावली?"

"नाही."

"जोरात बोल, ऐकू येत नाही."

"नाही," मी म्हणाले. तेही तिला ऐकू गेलं नसावं.

मार्चमध्ये ऊन तापायला लागलं. शाळा सकाळची झाली. एका दुपारी घरी आले, मोरीवर पाय धुतले आणि ओल्या पायांनी स्वयंपाकघरात गेले. मामी खाली बसून चिवड्याचे पोहे निवडत होती. तिचं लक्ष सुपातून माझ्या पायांवर गेलं आणि तिथेच राहिलं.

"इकडे ये."

"काय?"

"ये म्हटलं ना. पाय दाखव."

दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली होती. एकातून रक्त येऊन सुकलं होतं. मी रोज बघत होते म्हणून मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं, पण मामीने पाहिल्यावर ते मलाही पहिल्यांदाच दिसलं.

ती उठली, ओसरीवर गेली, माझा बूट घेऊन आली. आत हात घातला. मग काही न बोलता पाणी कोमट केलं, त्यात मीठ टाकलं, घमेलं माझ्यापुढे ठेवलं आणि माझे पाय धरून त्यात बुडवले. झोंबलं. तिने सोडले नाहीत.

"कधीपासून टोचते?"

"थोडे दिवस."

"गुंजन."

"संक्रांतीपासून."

"काहून नाही सांगितलं? बोल वं. मी काही खात नाही तुले."

"नवे घ्यावे लागले असते."

"मग घेतले असते."

"तू मोठे घेतले असते."

"मग? त्यात काय झालं?"

"मोठे घेतले की ते दोन वर्षं घालावे लागतात." माझा आवाज फुटायला लागला होता, आणि मला कळत नव्हतं की तो रडण्यामुळे फुटतो आहे की नुसताच मोठा होतो आहे. "म्हणजे आई येणारच नाही. आणि इथे पण... तुला तर मी वर्षापेक्षा जास्त नकोच होते."

"कोण म्हणे?"

"तूच. सेजलला मोठे घेतले आणि मला मापाचे. तू पाहून पाहून मापाचे घेतले. काका नाही म्हणत होते तरी घेतले."

मामीचे हात पाण्यातच थांबले. पोह्यांचं सूप बाजूला पडलं होतं आणि त्यावर एक चिमणी उतरली होती. मामीसमोर धान्यावर चिमणी बसते आणि मामी तिला हाकलत नाही, हे मी त्या घरात एकदाच पाहिलं.

"अवो माय," ती म्हणाली. "तू एवढे दिवस हे घेऊन फिरली?"

मी मान हलवली.

"दुकानात माझ्या तोंडात आलं होतं, दोघींनाही मोठेच द्या म्हणून. सवयच ना. मग तुह्याकडे पाहिलं. तू त्या बाकावर पायावर पाय ठेवून बसली होती, जशी कोणाच्या घरी आली. मले वाटलं, हिले मोठे घेतले तर ही रोज सकाळी त्याच्यात पाय घालन, आणि रोज सकाळी हिले समजन का मायले दोन वर्षं येणं नाही." तिने माझ्या टाचेवरून ओंजळीने पाणी सोडलं. "म्हटलं, वर्षाचेच घेऊ. रंजनाताई वर्षात येतो म्हणाली ना, तर वर्षाचेच. तिनं पाहिलं तर तिलेही बरं वाटन."

"मग महागाचे कशाला?"

"एकच वर्ष घालायचे, तर चांगले घालावे."

मामी पाण्याकडे बघत होती.

"आणि मोठे घेतले असते तर मलेही वाटत राहिलं असतं," ती म्हणाली. "ही पोरगी अजून आहे आपल्यापाशी. जायची नाही. मग तुही माय आली असती तर मी तोंड कसं दाखवलं असतं?"

तिने माझे पाय पदराला पुसले. एक, मग दुसरा. पदर खराब होईल याचाही विचार तिने केला नाही.

संध्याकाळी मामा भुवया पांढऱ्या करून आला तेव्हा मामी पायरीवर बसून त्याच्या दाढीच्या ब्लेडने माझे बूट कापत होती.

"अवो, हे काय करून राहिली? एवढे महागाचे बूट."

"नाक काढून राहिली."

"नवे घेऊन टाक ना सरळ. मोठे."

"नवे घ्यायचे नाही. रंजनाताई येऊन राहिली."

"तिची परीक्षा पुढे गेली ना पण."

"गेली तर गेली. येते ना ती? मग तोवर हे चालते." कातडं जाड होतं. तिने दात आवळून ब्लेड ओढली आणि बुटाचं नाक गळून पायरीवर पडलं. "तळवा चांगला आहे, शिवलेला आहे. पैसे काही पाण्यात नाही गेले."

सेजलने ती दोन नाकं उचलून आपल्या दोन अंगठ्यांवर बसवली आणि बाहुल्यांसारखी नाचवली. मी पाय घातला. माझे अंगठे बाहेर आले आणि संध्याकाळचं वारं त्यांना लागलं. इतक्या दिवसांनी त्यांनी मान वर केली होती.

"तुझ्या बुटाला खोली नव्हती," सेजल वाकून बघत म्हणाली, "पण आता खिडकी आहे."

दुसऱ्या दिवशी मामी शाळेत येऊन शिरभाते मॅडमना सांगून गेली की हिच्या पायाला लागलं आहे, बूट असेच राहतील, काही म्हणू नका. ती असं ज्या आवाजात म्हणते त्या आवाजापुढे कोणी काही म्हणत नाही. मी त्या खिडकीच्या बुटांनी परीक्षा दिली. येता-जाता बाभळींखाली पडलेला उरलासुरला कापूस उडून माझ्या अंगठ्यांवर बसायचा, आणि मला वाटायचं, खाली पाहिलं तर ती सातवीतली मी खिडकीत बसलेली असेल, हात बाहेर काढून.

आई मे महिन्यात आली. काळी पडलेली, वाळलेली, ताठ. दारात उभी राहिली तर मामाने उगाच सलाम ठोकला आणि मग दोघं बहीणभाऊ रडायला लागले. वरोऱ्याला पोस्टिंग मिळालं होतं आणि राहायला क्वार्टर. निघायच्या दिवशी मी बूट पिशवीत भरायला गेले, तर मामी म्हणाली, "ते राहू दे इथंच."

"कापलेले आहेत, मामी. भंगारवाला पण घेणार नाही."

"राहू दे म्हटलं ना." आणि त्या जागी तिने माझ्या पिशवीत एक पुरचुंडी कोंबली. जुन्या, घडीच्या रेघा असलेल्या फ्रॉकच्या तुकड्यात बांधलेली. मऊ, हलकी, जणू आत काहीच नाही.

"हे काय?"

"लागन," मामी म्हणाली, आणि आत निघून गेली. आम्ही निघालो तेव्हाही ती बाहेर आली नाही, आत दूध उतू जातं आहे असं तिने सेजलकरवी सांगितलं. दुपारचे तीन वाजले होते. त्या घरात त्या वेळेला दूध कधीच तापत नसे.

वरोऱ्यातलं बुटांचं दुकान लहान होतं. जूनमधली गर्दी. आई ड्यूटीवरून सरळ खाकीतच आली होती, त्यामुळे दुकानदाराने आमच्यासाठी दोन स्टुलं रुमालाने पुसली आणि पंखा आमच्याकडे फिरवला.

"सातवीची पोरगी. काळे बूट," आई म्हणाली. "आणि मापाचेच द्या हो. अजिबात मोठे नको. मी भोगलं आहे ते."

मापाचेच द्या.

माझ्या कानात एकदम शांत झालं. पंखा फिरत होता, बाकीची मुलं फटक फटक चालून दाखवत होती, पण सगळं पाण्याच्या वर, खूप वर कुठेतरी. आई फोडांबद्दलच बोलत होती, मला ते कळत होतं. पण माझ्या पायांना नव्हतं कळत. मी खाली पाहिलं तर मी पुन्हा एका पायावर दुसरा पाय ठेवून बसले होते.

मी तो पाय उचलून खाली ठेवला.

"मापाचे नको," मी म्हणाले.

"काय गं?"

"मापाचे नको. मोठे. दोन नंबर मोठे."

हे इतक्या जोरात बाहेर आलं की दुकानातल्या सगळ्या आया वळून बघायला लागल्या. आईसुद्धा बघायला लागली. तिने माझा असा आवाज कधी ऐकला नव्हता. मीही नव्हता ऐकला.

"बाळा, दोन नंबर म्हणजे होडी होईल," दुकानदार म्हणाला. "चालताना रस्त्यात सुटून जाईल."

"कापूस आहे माझ्याकडे." मी दप्तरातून पुरचुंडी काढून स्टुलावर ठेवली. ती तेव्हापासून माझ्या दप्तरातच असायची.

"हा कुठला?" आईने विचारलं.

"मामीने दिला."

आईने तो फ्रॉकचा तुकडा हातात घेतला, गाठीवरून बोट फिरवलं. "पण दोन नंबर मोठे घेतले तर दोन-तीन वर्षं हेच घालावे लागतील, गुंजन. कंटाळशील."

"तू कुठे जाणार आहेस का?"

आईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या खांद्यावरची ती नवी पितळी अक्षरं पंख्याखाली चमकत होती.

"नाही," ती म्हणाली.

"मग मी पण नाही. काका, मोठे द्या."

दुकानदाराने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली. बूट आले. आई खाकी कपड्यांत, एवढ्या लोकांत, खाली उकिडवी बसली, माझ्या पायात बूट चढवला, पट्टा लावला आणि नाकावर अंगठा दाबला. नाक खाली बसलं. अंगठा आत जात राहिला, जात राहिला.

"पुष्कळ जागा आहे," ती म्हणाली. तिचा आवाज पुन्हा फोनमधल्यासारखा खरखरीत झाला होता.

मी घरी आल्यावर गाठ सोडली आणि हिंगणघाटचा कापूस थोडा एका बुटात, थोडा दुसऱ्या बुटात भरला. पाय घातला. अंगठा सावकाश पुढे सरकवला. पुढे मऊ लागलं, आणि त्या मऊच्याही पुढे, ढकलून पाहिलं तर, अजून जागा होती.